ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी!

थर्टी फर्स्टच्या रात्री बारा वाजता आपण नाचतो ना, त्यामागे एक युद्ध आहे. सिरियसली! रोमचे कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडून येणारे दोन सर्वोच्च अधिकारी, आधी १५ मार्चला खुर्चीवर बसायचे. मग स्पेनमध्ये लढाई पेटली. मार्चमध्ये पद घेऊन, सैन्य जमवून तिथे पोहोचेपर्यंत लढाईचा अर्धा सीझन संपणार. म्हणून इ.स.पू. १५३ पासून तारीख आणली १ जानेवारीवर. रोमन लोक वर्ष ओळखायचे ते कॉन्सलांच्या नावानेच. त्यामुळे नवं वर्षही तिथूनच मोजलं जाऊ लागलं.

रोमची अख्खी सिस्टीम अशीच युद्धातून घडली. कॉन्सल म्हणजे सरकारचा प्रमुख आणि सेनापती, टू इन वन. त्यांना निवडणारी सभा भरायची शहराच्या पवित्र हद्दीबाहेर, युद्धदेव मार्सच्या मैदानावर. कारण ही सभा म्हणजे मुळात सैन्यच, आणि हत्यारबंद सैन्याला हद्दीच्या आत प्रवेश नव्हता. मतदारांच्या १९३ तुकड्या, प्रत्येक तुकडीचं एक मत. हत्यारं ज्याची त्याने आणायची, त्यामुळे पैसेवाल्यांच्या तुकड्या जास्त. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्या हजारो गरिबांची मिळून तुकडी किती? फक्त एक! आणि राजकारणात करिअर करायचं असेल तर, इतिहासकार पॉलिबियस सांगतो, आधी दहा मोहिमांचा एक्स्पीरियन्स हवा.

शेजारच्या गावाशी भांडण होतं तोवर हे ठीक चाललं. शेतकरी उन्हाळ्यात लढायचा आणि घरी परतायचा. पण पुढे स्पेन, ग्रीस, आफ्रिका अशी पोस्टिंग्ज सुरू झाली. माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर.

इ.स.पू. १०७ मध्ये गायस मारियस या कॉन्सलने मालमत्ता नसलेल्यांनाही भरती केलं. अडचणीच्या वेळी अशी भरती आधीही झाली होती, आणि मारियसने एकट्याने सगळं सैन्य बदललं हे आता अनेक इतिहासकार मानत नाहीत. पण एक प्रश्न मात्र मोठा होत गेला. युद्ध संपल्यावर या माणसाने जायचं कुठे? शेत नाही, आणि सरकारकडून पेन्शनचा काही नियम नाही. मग जमीन मिळवून देणार कोण? त्याचा सेनापती!

पुढचं सांगायला आपली म्हण पुरेशी आहे.

इ.स.पू. ८८ मध्ये पूर्वेकडच्या मोठ्या मोहिमेची जबाबदारी सुल्लाच्या हातून काढून मारियसला दिली गेली. सुल्ला सरळ आपल्या सैनिकांकडे गेला. त्यांनाही धास्ती होतीच, की मारियस दुसरी माणसं नेईल आणि लूट हातची जाईल. रोमवर चालून जायचं म्हटल्यावर एक सोडून सगळे वरिष्ठ अधिकारी सुल्लाला सोडून गेले. सैनिक मात्र निघाले. रोमच्याच सैन्याने रोम घेतलं! इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली, तेव्हा ही वाट मळलेली होती.

हा रोग नेमका ओळखला ऑगस्टसने, कारण तो स्वतः याच वाटेने वर आला होता. इ.स. ६ मध्ये त्याने सैनिकांच्या निवृत्तीसाठी वेगळी तिजोरी उघडली. स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स टाकले, वर वारसाहक्कावर ५ टक्के कर बसवला. श्रीमंत मंडळी भरपूर कुरकुरली. पण २० वर्षं नोकरी केलेल्या सैनिकाला १२,००० सेस्टर्स एकरकमी मिळू लागले. म्हणजे जवळपास १३ वर्षांचा पगार!

आता पोळी सेनापतीकडून नाही, तिजोरीतून येणार होती. फक्त तोवर तिजोरीची किल्ली एकाच माणसाच्या, सम्राटाच्या, हातात गेली होती. सिनेटमधल्या बड्या जमीनदारांनी सैनिकांना जमिनी देताना वर्षानुवर्षं खळखळ केली. जमिनी वाचवता वाचवता त्यांनी प्रजासत्ताकच घालवलं.

पुढच्या वेळी पीएफची स्लिप हातात आली, की तिच्यावर सही कुणाची आहे ते जरा बघा. कंपनीची, की बॉसची? रोममध्ये सगळा फरक तिथेच पडला.