पेट्रोलची काजळी

काळा धूर डिझेलचा, पेट्रोल मात्र स्वच्छ, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की टर्बो पेट्रोल गाडीकडे कुणी संशयाने बघत नाही. फिल्टर नसलेली अशी एखादी चालून जुनी झालेली गाडी थंड असताना तिच्या सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवून बघावं. बोटाला कोरडी, मऊ, काळीकुट्ट पूड लागते. ही काजळीच आहे आणि ती येते थेट इंजेक्शनमुळे.

साध्या पेट्रोल इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे, हवेच्या वाटेवर तीन-चार बार दाबाने पेट्रोल फवारतो. सिलिंडरमध्ये शिरेपर्यंत बरंचसं पेट्रोल वाफ होऊन हवेत मिसळलेलं असतं. थेट इंजेक्शनमध्ये 100 ते 350 बार दाबाचा फवारा सरळ सिलिंडरच्या आत सुटतो. तिथे वाफ होताना पेट्रोल आतली हवा थंड करतं, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, लांबतं आणि टर्बोला जास्त हवा कोंबता येते. चाकणला तयार होणाऱ्या कुशाक आणि टायगून या गाड्यांमधलं एक लिटरचं तीन सिलिंडरी इंजिन 115 पीएस ताकद देतं, ते याच जोडीच्या जोरावर. अभियांत्रिकी म्हणून मला हे इंजिन मनापासून आवडतं.

अडचण वेळेची आहे. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर हवा ओढायला आणि दाबायला मिळून 20 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पेट्रोलचे थेंब फुटायचे, त्यांची वाफ व्हायची आणि ती हवेत सारखी मिसळायची. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की हे गणित हमखास चुकतं. फवाऱ्याचा काही भाग पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतो, तिथे पेट्रोलचा पातळ थर साचतो. ठिणगी पडल्यावर हा थर पुरेशा हवेविना पिवळ्या ज्योतीने जळतो आणि काजळी धरतो. दुसरी जागा इंजेक्टरच्या टोकाची. तिथे जमलेला कार्बन पेट्रोल शोषून घेतो आणि मुख्य जळण संपल्यावरही ते टोक धुमसत राहतं. इंजिन थंड असतं म्हणून काजळीच्या एकूण कणांपैकी मोठा वाटा पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतो. शहरातल्या छोट्या फेऱ्या याच मिनिटांच्या असतात.

हे कण बहुतेक 20 ते 100 नॅनोमीटरचे, फुफ्फुसात खोलवर पोचणारे. वजनाने ते जवळजवळ शून्य. 60 नॅनोमीटरचे 600 अब्ज कण एकत्र केले तरी मिलिग्रॅमचा दहावा भाग भरत नाही. त्यामुळे कागदी फिल्टरवर धूर गोळा करून वजन करण्याची जुनी रीत इथे तोकडी पडते आणि कण मोजावेच लागतात. मोजणी होते ती अशी: धूर पातळ करून तापवतात, म्हणजे तेला-पेट्रोलचे अंश उडून जातात. उरलेले कण ब्युटेनॉलच्या वाफेतून नेतात. प्रत्येक कणावर वाफ थेंब होऊन जमते, तो फुगतो आणि लेझरसमोरून जाताना चमकतो. या चमका मोजायच्या. युरोपने 2014 मध्ये थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे 6,000 अब्ज कणांची मुभा दिली होती. 2017 पासून नव्या मॉडेलांना ती 600 अब्जांवर आणली, म्हणजे डिझेलइतकीच.

तिथून पेट्रोलचा कणफिल्टर रुळला. कॉर्डिएराइट या सिरॅमिकचा हा ठोकळा मधाच्या पोळ्यासारखा असतो, पण प्रत्येक नळीचं एकच टोक उघडं. धुराला शेजारच्या नळीत जायचं तर सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. भिंतीची छिद्रं कणांहून कितीतरी मोठी असतात, तरीही कण अडकतात, कारण इतके लहान कण सरळ जात नाहीत. वायूच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि भिंतीला चिकटतात. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल बंद करतं, तापलेल्या फिल्टरात ताजी हवा येते आणि काजळी जळून जाते. इंजिन ऑइलची राख मात्र उरते. तिचा पातळ थर बसला की फिल्टर नव्यापेक्षा चांगलं गाळतो, हा त्याचा मला सर्वांत भावलेला गुण. पुढे राख फार साचली की पिकअप मार खातो, म्हणून कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल घालावं.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, आणि 2023 पासून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही चाचणी होते. पण ही सगळी परीक्षा नव्या मॉडेलची. रस्त्यावर आलेल्या पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, कण नाही. फिल्टरला तडा गेला किंवा कुणी तो काढून टाकला, तरी प्रमाणपत्र मिळू शकतं. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीने गाड्यांच्या नियमित तपासणीत कणमोजणी आणली आहे, सुरुवात डिझेलपासून केली आहे. आपल्या पीयूसी केंद्रांवर हे यंत्र यायला हवं, आणि टर्बो पेट्रोल गाड्या पहिल्या दिवसापासून त्यात धरायला हव्यात.