गर्दींतला स्वर

नाशिकांतील गणेशविसर्जनाची मिरवणूक ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना एक नवल परिचित असेल. पांचपन्नास ढोल एकदम दुमदुमत असतात, तरी त्यांतला एखादा ताशा स्पष्ट ऐकूं येतो. ताशेवाल्याच्या मनगटांत अधिक बळ असतें काय? मुळींच नाहीं. ढोलाचा नाद मुख्यत्वें खर्जाचा, ताशाचा उंच व तीक्ष्ण. ढोलांनीं मोकळ्या सोडलेल्या जागेंत ताशा बोलतो.

याची आठवण मला नातवामुळें झाली. घरीं ध्वनिमुद्रित केलेलें गाणें त्यानें मला ऐकविलें. गाणारा, ड्रम, दोन साथीच्या गिटारी. पण मुख्य गिटार कांहीं मला ऐकूं येईना. "आजोबा, वयामुळें असेल," तो म्हणाला. उतारवयांत उंच स्वर कमी ऐकूं येतात, हें खरें; परंतु दोष सर्वस्वीं माझ्या कानांचा नव्हता. त्यानें मुख्य गिटारीचा आवाज वाढविला होता. मग बाकीचीं वाद्यें फिकीं वाटलीं, म्हणून तींहि वाढविलीं होतीं. मास्तर ओरडूं लागला कीं वर्ग त्याहून ओरडतो, हा माझा जुना अनुभव!

गिटारीची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदास सुमारे ८२ कंपनें देते, सर्वांत बारीक ३३०. शिवाय प्रत्येक स्वराचे उपस्वर वर पसरतात. दोन नाद एकाच टापूंत आले, म्हणजे बलवान नाद दुर्बळाला झांकून टाकतो. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानें १९७० च्या दशकांत दाखविलें कीं, ऑपेराचा कसलेला गायक ३००० कंपनांच्या आसपास आवाजाला धार देतो. वाद्यवृंदाचा जोर तेथें ओसरलेला असतो आणि कान विशेष तीक्ष्ण असतो. म्हणून ध्वनिवर्धकावांचूनहि तो ऐकूं येतो.

नातवानें हाच मार्ग धरला. साथीच्या गिटारींतील १००० ते ३००० कंपनांचा भाग त्यानें किंचित् उतरविला आणि त्या डावी-उजवीकडे नेल्या. मुख्य गिटार मध्यें ठेवून तिचा तळचा घुमारा काढला. गवई श्वास घेतो तेवढ्यांत सारंगिया जागा भरून काढतो. तसें गाण्याच्या दोन ओळींमधल्या विसाव्यांतच तिला बोलतें केलें.

शेवटीं तिचा आवाज पूर्वींपेक्षां कमीच राहिला, तरी मला तिचा स्वर न् स्वर ऐकूं आला. इतरांनीं थोडी जागा दिली, एवढेंच.