पोट भरल्याची वार्ता

मनुष्य लठ्ठ झाला म्हणजे त्याचा जिभेवर ताबा नाहीं, असा निवाडा आपण चटकन् देऊन टाकतों. वर्गांतील एखादा स्थूल मुलगा तर सर्वांच्या थट्टेचा विषय होतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हें शास्त्रज्ञांस उंदरांनीं शिकविलें. ती हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असा आमचा या लेखांत मानस आहे.

अमेरिकेंतील मेन संस्थानांत बार हार्बर या गांवीं जॅक्सन लॅबोरेटरी नांवाची प्रयोगशाळा आहे. तेथें १९४९ सालीं कांहीं उंदीर असे आढळले, कीं ते अतोनात खात व इतरांच्या तिप्पट वजनाचे होत. पुढें १९६६ सालीं तेथीलच दुसऱ्या एका वंशांतील लठ्ठ, शिवाय मधुमेहानें पीडलेल्या उंदरांचें वर्णन प्रसिद्ध झालें. दोन्ही दोष आनुवंशिक होते. मग मूळ दोष एकच, कीं निरनिराळे?

डग्लस कोलमन यांनीं शस्त्रक्रियेनें दोन दोन उंदरांचें रक्ताभिसरण एकमेकांस जोडून पाहिलें. पहिल्या वंशाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदरास जोडला असतां तो कमी खाऊं लागला. दुसऱ्या वंशाचा जोडला, तेव्हां त्याचें स्वतःचें खाणें घटलें नाहीं. उलट निरोगी सोबत्यानेंच अन्न सोडलें व तो उपासमारीनें मेला. यावरून कोलमन यांनीं अनुमान बांधलें, कीं "आतां पुरे" ही वार्ता नेणारा कांहीं पदार्थ रक्तांत असला पाहिजे. पहिल्या उंदरांत ती वार्ता निघतच नाहीं. दुसऱ्यांत ती भरपूर निघते, पण तिचा स्वीकार होत नाहीं. पत्र टपालांत पडलेंच नाहीं हा एक प्रकार. पत्रें येऊन पडलीं, पण घरांत वाचणारा नाहीं, हा दुसरा.

या अनुमानाची खातरी पटण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं त्या पदार्थाचें जनुक शोधून काढलें. हा पदार्थ शरीरांतील चरबीच निर्माण करते. 'कृश' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास लेप्टिन म्हणतात. पुढच्याच वर्षीं लेप्टिनला धरणाऱ्या प्रथिनाचाही शोध उंदराच्या मेंदूंत लागला. अशा प्रथिनास रिसेप्टर, म्हणजे ग्राही प्रथिन, म्हणतात. तें पेशीच्या आवरणांत रोवलेलें असतें. त्याचा बाहेरील भाग लेप्टिनला धरतो, व आंतील शेंपटी ती वार्ता पेशीस पोंचविते. दुसऱ्या वंशाच्या उंदरांत हीच आंतील शेंपटी खुंटलेली असते, असें १९९६ सालीं दिसून आलें.

अशा प्रथिनाचा अभ्यास करावयाचा तर तें शुद्ध हवें. परंतु शरीरांत तें अत्यल्प असतें. येथें पुनःसंयोजनाची युक्ति उपयोगी पडते. जनुकांचे तुकडे जोडून ते जंतूंत घालण्याची रीत स्टॅनली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनीं १९७३ सालीं दाखवून दिली. तिच्याच आधारें ग्राही प्रथिनाच्या केवळ बाहेरील भागाचें जनुक प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींत घालतात. आवरणांत रुतून बसणारा भाग गाळलेला असल्यामुळें पेशी तें प्रथिन भोंवतालच्या द्रवांत सोडतात. मग तें वेगळें करून शुद्ध करतात, व बहुधा गोठवून, वाळवून लहानशा कुपींत ठेवतात. त्याच्या योगें लेप्टिनची पकड किती घट्ट आहे हें मोजतां येतें, किंवा लेप्टिन वाटेंतच अडविल्यास पेशींवर काय परिणाम होतो हें पाहतां येतें. तें औषध नव्हे, प्रयोगाचें साधन आहे.

उंदरांची ही विद्या मनुष्यासही लागू पडली. अतिशय स्थूल अशा दोन मुलांच्या शरीरांत लेप्टिनच नाहीं, असें १९९७ सालीं केंब्रिज येथील वैद्यांनीं प्रसिद्ध केलें. नऊ वर्षांच्या एका मुलीस लेप्टिन टोंचल्यावर वर्षभरांत तिचें वजन सुमारें १६ किलोग्रॅम उतरलें, हें वृत्त १९९९ सालीं आलें. १९९८ सालीं तीन बहिणींत ग्राही प्रथिनाचाच दोष आढळला. अशांस लेप्टिन देणें व्यर्थ. म्हणून पुढच्या टप्प्यावर काम करणारें सेटमेलॅनोटाइड हें औषध शोधण्यांत आलें, व त्यास अमेरिकेंत २०२० सालीं मान्यता मिळाली.

असे रोगी फारच थोडे असतात, हें मात्र विसरूं नये. बहुतेक स्थूल माणसांत लेप्टिन कमी नसून अधिकच असतें. तेव्हां मिताहार व व्यायाम यांचें महत्त्व तिळमात्र कमी होत नाहीं. तथापि भूक ही केवळ मनाच्या निग्रहाची गोष्ट नव्हे, एवढें तरी यावरून निश्चित होतें. एखादें मूल तान्हेपणापासून अनावर भुकेलें असेल व त्याचें वजन झपाट्यानें वाढत असेल, तर पालकांनीं त्यास रागें भरण्याऐवजीं वैद्यास दाखवावें. आणि विद्यार्थ्यांनीं आपल्या स्थूल सोबत्यास हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्याच्या शरीरांत कोणतें पत्र कोठें अडलें आहे, हें आपणांस बाहेरून दिसत नसतें.