रक्ताचा कर्करोग : जपायचे कोणाला?

वसतिगृहात एका मुलाला ताप आला, की आठवडाभरात शेजारच्या दोन-तीन मुलांनाही येतो, हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एरवी त्याची आपण फारशी धास्ती घेत नाही. परंतु रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला हाच संसर्ग प्राणघातक ठरू शकतो.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात आणि ते पूर्ण झाल्यास बहुतेक मुले बरी होऊ शकतात. मात्र केमोथेरपीची औषधे रोगट पेशींबरोबरच अस्थिमज्जेतील निरोगी पेशींच्या निर्मितीलाही खीळ घालतात. जंतूंशी प्रथम झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्यामुळे घटतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या ५०० पेक्षा कमी झाल्या, की धोका फार वाढतो. तोंडाचे व आतड्यांचे अस्तरही दुखावते आणि शरीरातलेच जंतू रक्तात शिरू शकतात.

पू होणे, सूज येणे यांसाठीही याच पेशी लागतात. त्या नसल्या, की संसर्गाची नेहमीची लक्षणे उमटत नाहीत. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण उरते. म्हणून १००.४ अंश फॅरनहाइट ताप दिसताच, मध्यरात्र असली तरी, मुलाला रुग्णालयात न्यावे. आपल्या मनाने पॅरासिटामॉल देऊन ताप दडपू नये. शिरेतून दिले जाणारे प्रतिजैविक शक्यतो पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावे लागते.

कांजिण्या आणि गोवर यांचे भय वेगळेच. अंगावर पुरळ उठण्यापूर्वीच हे आजार पसरू लागतात. अशा मुलाशी संपर्क आल्याचे कळताच, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. उपचारकाळात या मुलांना जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत; त्यामुळे भावंडांचे आणि वर्गमित्रांचे वेळेवर झालेले लसीकरण हीच त्यांची ढाल होय. साबणाने धुतलेले हात, उकळलेले पाणी आणि ताजे, पूर्ण शिजलेले अन्न हेही तितकेच आवश्यक.

रक्ताचा कर्करोग स्पर्शाने, ताटाने वा अंथरुणाने पसरत नाही. धोका त्या मुलापासून आपल्याला नसतो. आपल्यापासून त्याला असतो. दूर ठेवले जाण्याचे दुःख आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. म्हणूनच हा भेद आपण नेमका जाणला पाहिजे. सर्दी-खोकला असताना त्याच्यापासून लांब राहावे, ते त्याला जपण्यासाठी. आणि डॉक्टरांनी परवानगी देताच वर्गातील त्याची जागा त्याला परत द्यावी.