मोटारींचे विक्रम आणि चाकांचें रबर

उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या नांदेडच्या घरीं चार भावांचीं मुलें एकत्र जमलीं, म्हणजे वादाला विषयांची वाण पडत नाहीं. यंदाचा वाद टायरांवरून उद्भवला. पुण्यास शिकणाऱ्या पुतण्यानें जर्मनींतील एका विक्रमाची हकीकत मोठ्या रंगांत येऊन सांगितली आणि शेवटीं हळूच सुचविलें, "काका, आपल्या गाडीलाही तसले मऊ टायर घालूं या. लातूरच्या रस्त्यावर गाडी कशी चिकटून चालेल!" हौस मुलाची खरी, परंतु त्याच गाडींतून आमच्या मातुःश्री, वहिनी आणि लहान मुलें लातुरास जा-ये करतात. तेव्हां हें मागणें हंसण्यावारी न नेतां त्याचा विचार करणें प्राप्त झालें.

मागील दार वर उचलून उघडणारी घरगुती आकाराची मोटार ती 'हॅचबॅक'; तींत बरेंच अधिक शक्तीचें एंजिन बसविलें, कीं तिला 'हॉट हॅच' म्हणतात. अशा गाड्यांचा कस पाहण्याचें प्रसिद्ध ठिकाण म्हणजे जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग. १९२७ सालीं खुला झालेल्या या डोंगराळ मार्गाची एक फेरी २०.८३२ किलोमीटरांची आहे. २०१९ सालीं रेनॉ मेगान आर. एस. ट्रॉफी-आर या गाडीनें ती ७ मिनिटें ४५.३८९ सेकंदांत पुरी केली. २०२३ सालीं होंडा सिव्हिक टाइप आर हिनें तीच फेरी ७ मिनिटें ४४.८८१ सेकंदांत मारून, पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा विक्रम आपल्याकडे घेतला. फरक अवघा अर्ध्या सेकंदाचा! त्या सरासरी वेगानें एवढ्या अवधींत गाडी सुमारें २३ मीटर जाते.

विक्रम गाडीच्या नांवावर लागला खरा. परंतु मेगानला ब्रिजस्टोनचे, तर सिव्हिकला मिशेलिनचे 'पायलट स्पोर्ट कप २ कनेक्ट' हे टायर होते. मग तो अर्धा सेकंद एंजिनाचा, चालकाचा, कीं रबराचा? नुसत्या आंकड्यावरून हें सांगतां येत नाहीं. म्हणूनच ज्यांस चालकांची परीक्षा घ्यावयाची असते, ते टायर सर्वांस सारखे देतात. आपल्या पुण्याजवळ चाकण येथें २००९ पासून ज्या पोलो जातीच्या मोटारी निघूं लागल्या, त्या जातीची शर्यतमाला २०१० सालीं भारतांत सुरू झाली. तींत सर्वांची गाडी एका जातीची आणि टायरही एकाच प्रकारचे. तेथें जो पुढें जाईल, तो कसबानें.

टायरास एवढें महत्त्व कां? गाडी जमिनीस टेंकते ती चारच ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाण सुमारें तळहाताएवढें. वेग घेणें, वळणें आणि थांबणें, या तिन्ही आज्ञा रस्त्यापर्यंत पोंचतात त्या या चार तळहातांतून. रबर मऊ असेल, तर तें रस्त्याच्या बारीक खडबडींत शिरून अधिक घट्ट बसतें. ५० मीटर त्रिज्येचें वळण घ्या. टायर आणि रस्ता यांमधील पकडीचा अंक ०.९ असेल, तर तेथून ताशीं सुमारें ७६ किलोमीटरांनीं जातां येईल, तोच १.१ झाला, तर ८४ किलोमीटरांनीं. एका वळणावर एवढा लाभ, मग सत्तरांहून अधिक वळणांच्या फेरींत किती होत असेल!

परंतु या लाभाची किंमत द्यावी लागते. मऊ रबर लौकर झिजतें. तें चांगलें तापल्यावांचून आपला गुण दाखवीत नाहीं, आणि फार तापलें म्हणजे निसटूं लागतें. शिवाय जमिनीस अधिक रबर लागावें म्हणून अशा टायरांवर खांचा कमी ठेवलेल्या असतात. कोरड्या शर्यतीच्या मार्गावर तें ठीक. पाण्यांत मात्र त्या खांचाच आपल्या प्राणांच्या राखणदार. पाणी खांचांतून बाहेर गेलें नाहीं, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि सुकाणूचक्र हातांत असून नसल्यासारखें होतें.

आतां आमचा नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर हा रस्ता पहा. ज्येष्ठांत तापलेल्या या रस्त्यावर धूळ आणि तेल सांचतें. मृगाच्या पहिल्या सरीनें त्याचा निसरडा लेप होतो. शेतांतून येणारे ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल वर आणून टाकतात. पकडीचा अंक ०.८ असतां ताशीं ८० किलोमीटरांनीं जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारें ३१ मीटरांत थांबते, अंक ०.४ वर आला, तर ६३ मीटर लागतात. मधल्या ३२ मीटरांत एखादी बैलगाडी किंवा शाळेचें मूल असूं शकतें.

हें सर्व पुतण्यास समजावून, "चल, आपले टायर तरी पाहूं," असें म्हणून आम्हीं दोघे बॅटरी घेऊन अंगणांत गेलों. खांचांच्या तळाशीं झीज दाखविणारे लहान उंचवटे असतात. पुढच्या दोन्ही टायरांचें रबर झिजून त्यांच्या अगदीं जवळ आलें होतें. खोली १.६ मिलिमीटरांहून कमी झाली, कीं तो टायर रस्त्यावर चालविणें कायद्यास मान्य नाहीं. बाजूवरील चार आंकडे, म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष, वाचून पाहिले, तों टायर सात वर्षांचे निघाले. हवाही कमी होती. हवा कमी असली, कीं टायराच्या बाजू सारख्या वांकून आंतून तापतात, आणि उन्हाळ्यांतील लांबच्या वेगवान प्रवासांत फुटण्याचा संभव वाढतो. इतके दिवस आमचीं माणसें याच टायरांवर लातुरास जात होतीं! उपदेश करणारा मी त्याच्याहून अधिक वरमलों.

दुसऱ्याच दिवशीं गाडीच्या कर्त्यांनीं सांगितलेल्या मापाचे, भरपूर खांचांचे चार साधे टायर आणविले. आतां पंधरा दिवसांनीं सकाळीं, गाडी थंड असतांना, हवा मोजण्याचें काम मुलांकडे सोंपविलें आहे. पुतण्यास सांगितलें कीं शर्यत पाहण्याची हौस असेल, तर चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या मार्गावर तुला स्वतः घेऊन जाईन. त्यानें तें मान्य केलें, आणि हवेच्या नोंदीची वही स्वतःच्या हातानें आंखली.