पुरोला विचारलं, इतरांना कुणी विचारलं?

पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आसपास सणाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. हा कॅम्प म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी. सिंधमध्ये पंजाबइतकी कत्तल झाली नाही. पण जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि घरंदारं सोडून माणसं मिळेल त्या जहाजानं मुंबईकडे निघाली. पंजाबात मात्र कत्तलींबरोबर बायकाही पळवल्या गेल्या. त्यांच्या वाट्याला काय आलं, हे समजून घ्यायचं तर चंद्रप्रकाश द्विवेदींचा ‘पिंजर’ (२००३) जरूर पाहावा.

अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. पळवून नेलेली पुरो (ऊर्मिला मातोंडकर) रात्री जीव मुठीत धरून माहेरी पोचते, आणि आईबाप तिला दारातूनच परत पाठवतात. चित्रपटातला सगळ्यात क्रूर प्रसंग मला हाच वाटतो.

बायकांना छळणारे नेहमी शत्रूच असतात, असं नाही. स्पेनमध्ये यादवी संपल्यावर, ५ ऑगस्ट १९३९ रोजी, माद्रिदमध्ये तेरा तरुणींना गोळ्या घातल्या गेल्या. तिथे छळणारे जिंकलेले शत्रू होते. आपल्याकडे दंगलखोरांनी बायका पळवल्या, घरच्यांनी दारं लावली आणि त्यानंतर सरकार आलं, तेही मदतीच्या हेतूनं.

पळवलेल्या बायका परत आणण्यासाठी डिसेंबर १९४७ मध्ये भारत-पाकिस्तानात करार झाला, १९४९ मध्ये आपल्याकडे कायदा. १ मार्च १९४७ नंतर आणि १९४९ उजाडण्याआधी घरच्यांपासून तुटलेली, कोणत्याही वयाची मुस्लिम स्त्री परधर्मीयाच्या घरी सापडली, की ती पळवलेलीच मानायची. पोलिसांनी वॉरंटशिवाय घरात शिरायचं, तिला छावणीत न्यायचं. वाद झालाच तर निकाल न्यायाधिकरणाचा. ‘मला इथंच राहायचंय’ असं ती म्हणाली, तरी कायद्यात त्याला किंमत नव्हती. या काळात झालेलं तिचं मूलही त्याच व्याख्येत बसवलेलं. पलीकडून हिंदू-शीख बायकाही अशाच आणल्या गेल्या. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल या कार्यकर्त्यांनी या कामात अक्षरशः जीव ओतला. नरकातून सुटलेल्या बायका होत्याच, त्यांच्यासाठी ही मदत देवासारखी धावून आली. पण संसारात रुळलेल्यांना दुसऱ्यांदा उपटून काढलं गेलं. परतलेल्यांना घरच्यांनी स्वीकारावं म्हणून गांधीजी आणि नेहरूंना जाहीर आवाहन करावं लागलं. तरीही कित्येकींचं आयुष्य आश्रमात गेलं. हा कायदा १९५७ पर्यंत चालला.

‘पिंजर’च्या शेवटी भाऊ पुरोला परत चल म्हणतो आणि ती तिला पळवून नेणाऱ्या रशीदकडेच राहते. प्रेक्षकाला तो तिचा निर्णय वाटतो, आणि आहेही. मात्र तिला पळवलं होतं १ मार्च १९४७ च्या आधी. सरकारी यादीत ती बसतच नव्हती.