हॉल नंतर, आधी हजेरी: कबड्डी मंडळाचा पाच वर्षांचा प्लॅन



या आठवड्याचा व्हिडिओ एका कबड्डी मंडळाच्या मीटिंगवर आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही दुकान टाकायला निघालोय, आम्हाला कबड्डीचं काय? थोडं थांबा. पुढची पाच वर्षं ठरवायला बसलं की मंडळवाले आणि दुकानवाले अगदी सारख्याच चुका करतात. व्हिडिओत आकडेमोड आणि कागदपत्रं नीट सांगायला वेळ मिळाला नाही, म्हणून ते सगळं इथे सविस्तर देतोय.

मीटिंगमध्ये काय झालं?

जळगावच्या जुन्या भागात हे मंडळ आहे. काम अजून अर्ध्यावर आहे, म्हणून नाव घेत नाही. गल्लीतल्या पोरांनी मोकळ्या जागेत फक्की टाकून मैदान आखलं, तिथून सुरुवात झाली. ती पोरं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यातल्या एकाला सगळे 'सर' म्हणतात. दिवसभर नोकरी करतात आणि संध्याकाळी शिट्टी गळ्यात घालून मैदानात हजर. इतक्या वर्षांत एक रुपया मानधन घेतलेलं नाही.

मला बोलावलं होतं प्रोजेक्ट रिपोर्ट बनवायला. दोन मजली हॉल बांधायचा. खाली मॅट, वर जिम, पुढच्या बाजूला भाड्याने द्यायला तीन गाळे. नकाशा तयार होता. एका देणगीदाराने सुरुवातीची रक्कम कबूल केली होती, फक्त दर्शनी भागावर वडिलांचं नाव हवं होतं. खजिनदारकाका मला म्हणाले, "भाऊ, पोरे शेतस, जागा शे. पैसा कठून आनाना, तेवढं सांग."

मी वही काढली आणि तीन प्रश्न विचारले.

पहिला: काल मैदानात किती जण होते? एकजण म्हणाला पन्नास, दुसरा म्हणाला शंभर. सर हळूच म्हणाले, "तीसच्या आतच असतील." हजेरीपट नव्हता.

दुसरा: गेल्या वर्षी पैसे कुठून आले? स्पर्धेच्या वेळी वर्गणी गोळा झाली आणि ती मंडप, ट्रॉफ्या, जेवण आणि स्पीकरवर संपली. बाकीचे अकरा महिने सरांच्या खिशातून.

तिसरा: सर उद्या महिनाभर आजारी पडले तर शिट्टी कोण वाजवणार? यावर कोणीच बोललं नाही. सरसुद्धा खाली बघत बसले.

हा नकाशा मी आधी पाहिला होता

त्या मंडळाला हसायचा मला हक्क नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलीये. बीबीए झाल्यावर दुकान टाकलं तेव्हा पहिले पैसे मी फर्निचर, काचा आणि बोर्डावर घातले. दुकान इतकं सुंदर दिसायचं की लोक बाहेर थांबून बघायचे. तिसऱ्या महिन्यात माल भरायला पैसे उरले नाहीत. गिऱ्हाईक आत यायचं, वस्तू मागायचं आणि मी "परवा येतोय माल" म्हणायचो. ते परवा दुसऱ्या दुकानात जायचं.

धुळ्यातही एक व्यायामशाळा मी पाहिलीये. वर्षानुवर्षं पैसे जमवून त्यांनी हॉल बांधला. मग लाइट बिल, रंगरंगोटी, वॉचमन असा खर्च मागे लागला. तो भागवायला हॉल लग्नाला द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे लग्नसराई कधी? एप्रिल-मे. शाळांना सुट्टी कधी? तेव्हाच. म्हणजे पोरं दिवसभर मोकळी असताना हॉलमध्ये पंगती बसलेल्या आणि मॅट कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली. हॉल भाड्याने देणं वाईट नाही. पण ज्या पोरांसाठी तो बांधला, त्यांचे दोन महिने आधी राखून ठेवले नाहीत. हॉलचा खर्च भागला, पण खेळणारी पोरं कमी होत गेली.

म्हणून मी जळगावच्या मंडळाला सांगितलं, रिपोर्ट महिनाभराने बनवू. आधी एक वही घ्या आणि रोज हजेरी लिहा. नाव, वय, आलं की नाही, आणि येणं बंद झालं तर का.

वहीने काय सांगितलं?

महिन्याने वही उघडली. नावं भरपूर होती, रोज येणारे निम्म्याहून कमी. ते अपेक्षित होतं. खरं शिकायला मिळालं ते शेवटच्या रकान्यात.

दहावीत गेलेली मुलं क्लासमुळे बंद झाली होती. क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच होती. वेळ तासाभराने पुढे ढकलली असती तर निम्मी मुलं परत आली असती. पण मैदानावर दिवा नव्हता.

मुलींचं कारण वाचून सगळे गप्प झाले. काही मुली सुरुवातीला उत्साहाने आल्या आणि दोन आठवड्यांत एकेक करून बंद झाल्या. कारण एकच. अंधार पडतो आणि कपडे बदलायला, बाथरूमला जागा नाही. एका मुलीच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "खेळू द्यायला माझी ना नाही. पण तिथे सोय काय आहे?"

आता बघा. दोन मजली हॉलच्या नकाशात तीन गाळे होते, देणगीदाराच्या नावाची जागा होती. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. महिनाभर वही लिहिली म्हणून हे कळलं.

गिऱ्हाईक का येतं, हे आपण सगळे विचारतो. जे येत होतं ते यायचं का थांबलं, हे कोणी विचारत नाही. तुमच्या धंद्यातही ही दुसरी यादी काढा.

पैसा कठून आनाना?

आता खजिनदारकाकांचा प्रश्न. कबड्डीचं एक बरं आहे, खेळ स्वस्त आहे. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. एवढी जागा आणि चांगली माती असली की सराव सुरू होतो. म्हणून पहिलं गणित बांधकामाचं नको, महिन्याच्या खर्चाचं करा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा ४० मुलं महिना १०० रुपये देऊ शकतात. झाले ४,००० रुपये. ज्यांना जमत नाही त्यांना माफ, पण ते कोण हे फक्त सरांना माहीत असावं, भिंतीवर यादी नको. समजा ५० जुने खेळाडू महिना २०० रुपये देतात. झाले १०,०००. एकूण १४,०००.

खर्च: प्रशिक्षकाचं मानधन ८,०००, लाइट आणि सफाई २,०००, माती, फक्की आणि प्रथमोपचार पेटी १,०००. एकूण ११,०००. महिन्याला ३,००० शिल्लक, वर्षाला ३६,०००.

आकडा लहान आहे, पण तो दर महिन्याला येतो. स्पर्धेची वर्गणी, देणगी, अनुदान यातलं काहीही या गणितात धरलेलं नाही, आणि ते धरायचंही नाही. रोजचं मैदान नेहमीच्या पैशावर चालवा. अचानक आलेला पैसा एकदाच करायच्या कामाला लावा. दुकानातही हाच नियम. दिवाळीच्या गल्ल्यावर बारा महिन्यांचं भाडं ठरवलं तर श्रावणात घाम फुटतो.

आणि मानधनाबद्दल. सर म्हणाले, "मला नको." मी म्हटलं, "सर, हे तुमच्यासाठी नाहीच. तुमच्यानंतर जो येईल त्याला घर चालवायचंय."

सरांनंतर कोण?

खानदेशात गुण कमी नाहीत. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि गल्लीतल्या पोरांना टीव्हीवर चढाई करणारे खेळाडू दिसायला लागले. पोरं खेळायला तयार आहेत. त्यांना रोज शिकवणारा माणूस कमी पडतो.

इथे आपल्या शेजारच्या विदर्भाकडून शिकण्यासारखं आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. तेही आखाड्यापासूनच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आज त्यांचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा आहे. पण माझ्या मते त्यांची खरी हुशारी वेगळी. त्यांनी फक्त खेळाडू तयार केले नाहीत, उन्हाळी वर्ग घेऊन शिकवणारे तयार केले. शिकवणारा गावी परतला की तिथे नवीन मैदान सुरू होतं.

दुसरं उदाहरण थेट आयर्लंडचं. आपल्याकडे कबड्डी-खो-खो, तसे तिथले देशी खेळ म्हणजे गेलिक फुटबॉल आणि काठी-चेंडूचा हर्लिंग. ते टिकवायला १८८४ साली थर्ल्स नावाच्या छोट्या गावातल्या हॉटेलात मोजकी माणसं जमली आणि 'गेलिक ॲथलेटिक असोसिएशन' सुरू झाली. राजधानी डब्लिनमधलं त्यांचं क्रोक पार्क हे स्टेडियम ८२ हजारांवर प्रेक्षकांचं आहे. तरी तिथे खेळणाऱ्याला खेळण्याचा पगार नाही. तो शिक्षक असतो, शेतकरी असतो, आणि बहुधा आपल्या गावच्या क्लबकडूनच खेळतो. खेळायचं वय संपलं की तोच लहान मुलांना शिकवतो, गेटवर उभा राहतो, हिशेब बघतो.

आपल्याकडे लग्न झालं, नोकरी लागली की खेळाडू मैदान सोडतो आणि थेट स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला उगवतो. म्हणून मंडळाला मी सांगितलं, प्रत्येक जुन्या खेळाडूला नेमून एक काम द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ, बस. आणि सरांच्या हाताखाली दोघांना आत्तापासून उभं करा, त्यातली एक मुलगी असली पाहिजे.

कागद नीट करा, मगच हात पसरा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच मंडळं अडकतात.

जागा कोणाच्या नावावर आहे? प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा. जागा पालिकेची असेल तर करार कुठाय आणि किती वर्षांचा? "आम्ही तीस वर्षांपासून खेळतोय" हा कागद नव्हे. दुसऱ्याच्या जागेवर हॉल बांधला तर एक दिवस हॉलही जातो आणि मैदानही.

नोंदणी आहे का? मंडळं बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-१ चा उतारा काढा आणि विश्वस्तांची नावं वाचा. आमच्या मंडळाच्या उताऱ्यावर दोघे जण स्वर्गवासी निघाले. बदल झाला की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. तो दिला नाही की बँकेतल्या सहीपासून सगळं अडतं. दरवर्षीचं ऑडिटही हवंच.

देणगीदाराला आयकरात सवलत हवी असते, त्यासाठी मंडळाकडे आयकर खात्याची नोंदणी लागते. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्या. कंपन्यांच्या सीएसआर यादीत ग्रामीण आणि मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण येतं. पण कंपनी आधी विचारते, तीन वर्षांचं काम दाखवा. ते कशाने दाखवणार? हजेरीची वही, ऑडिट आणि फोटो. क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाच्या सरकारी योजनांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन सध्याच्या अटी विचारा, ऐकीव माहितीवर अर्ज करू नका.

मग प्लॅन काय ठरला?

पहिलं वर्ष: दिवे, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली, हजेरीपट, कागदपत्रं. दुसरं वर्ष: दोन नवे प्रशिक्षक, मुलींची वेगळी बॅच, उन्हाळ्यात पहाटेचा सराव, कारण मे महिन्यात जळगावची दुपार म्हणजे तवाच. तिसरं वर्ष: मॅट आणि तिच्यावर पत्र्याची शेड. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, मातीवरच्या सरावाने पोरं तिथे घसरतात. चौथं वर्ष: सीएसआर आणि अनुदानाचे अर्ज, तेव्हा तीन वर्षांचं रेकॉर्ड हातात असेल. पाचव्या वर्षी हॉलचा नकाशा परत काढायचा. तेव्हाही गरज वाटली तर बांधायचा.

देणगीदाराला हा प्लॅन दाखवला. ते हसून म्हणाले, "बाथरूमवर वडिलांचं नाव लावू का?" त्यांनी अजून होकार दिलेला नाही. कदाचित देणारही नाहीत, आणि मंडळातले काही जण त्यासाठी माझ्यावर नाराज आहेत. त्यांचंही चुकत नाही, हातात येणारी मोठी रक्कम लांब गेली. पण दिव्यांचे पैसे जुन्या खेळाडूंनी आपसात काढले. दोन खांब उभे राहिलेत. सरावाची वेळ पुढे गेलीये आणि दहावीची काही पोरं क्लास सुटल्यावर दप्तरासकट थेट मैदानात येतात. मुलींची बॅच अजून थांबलीये. खोली झाल्याशिवाय त्यांना बोलवायचं नाही, असं सरांनीच ठरवलंय. ते मला पटलं.

तुमचा या आठवड्याचा होमवर्क

एक वही घ्या. डावीकडे लिहा, या महिन्यात कोण गिऱ्हाईक आलं. उजवीकडे लिहा, कोण यायचं बंद झालं आणि का. कारण माहीत नसेल तर फोन करून विचारा, लाजू नका. धंदा अजून सुरू झाला नसेल तर तुम्ही जे विकणार आहात ते आज विकणाऱ्या दुकानासमोर दोन संध्याकाळ उभे राहा आणि रिकाम्या हाताने बाहेर पडणारी माणसं मोजा.

फर्निचरचं कोटेशन त्यानंतर मागवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.